घराचं कर्ज थकलंय आणि ‘हप्ता निम्मा करून देतो’ म्हणणारा दारात आलाय? पायरीपायरीनं काय करायचं

वडगाव-खासबागेत माग थांबतात, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओव्हरटाइम बंद होतो, खानापूरकडचा मुलगा गोव्यातली नोकरी सुटून घरी येतो, निपाणीत उसाचं बिल लांबतं. कारण कुठलंही असो, घराच्या कर्जाचे दोन-तीन हप्ते चुकले की ओळख नसलेली माणसं चौकशी करत यायला लागतात. कुणाच्या कार्डावर ‘लोन सेटलमेंट कन्सल्टंट’ असतं, कुणी एखाद्या संघटनेचा पदाधिकारी म्हणवतो, कुणी व्हॉट्सॲपवर वकिलाच्या कोटातला फोटो लावतो. बोलणं मात्र सगळ्यांचं एकाच वळणाचं : “काका, हप्ता निम्मा करून देतो. लिलाव थांबवतो. वरपर्यंत ओळख आहे. फक्त तुम्ही बँकेत जाऊ नका, आम्ही बोलतो.”

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा माणसाला दिलेली दहा-वीस हजारांची फी हे लहान नुकसान आहे. मोठं नुकसान दिवसांचं होतं. कायद्यानं तुमच्या हातात ठरावीक मुदती दिलेल्या असतात. ‘काम चालू आहे’ असं सांगत तो माणूस त्या घालवतो आणि मुदत सरली की फोन बंद करतो. म्हणून खाली लिहिलेल्यातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण बँकेशी बोलणं स्वतःच्या हातात ठेवा.

पहिली पायरी : कर्ज नक्की कुणाचं आहे ते ओळखा

आपल्याकडे सगळ्यालाच ‘बँकेचं लोन’ म्हणायची सवय आहे. पण प्रत्येक संस्थेला वेगळे नियम लागतात आणि तक्रारीचं ठिकाणही वेगळं असतं, त्यामुळे मंजुरीपत्रावरचं संस्थेचं पूर्ण नाव वाचा. ती राष्ट्रीयीकृत किंवा खाजगी बँक असेल, नागरी सहकारी बँक असेल, हाउसिंग फायनान्स कंपनी असेल, घर तारण ठेवून ‘मॉर्गेज लोन’ देणारी एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) असेल किंवा क्रेडिट सोसायटी असेल. बेळगावात सोसायट्या भरपूर आहेत. काही कर्नाटकच्या सहकार कायद्याखाली, काही कर्नाटकच्याच वेगळ्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, तर काही दोन्ही राज्यांत शाखा असलेल्या मल्टिस्टेट आहेत. पासबुकावर किंवा पावतीवर नोंदणीचा उल्लेख असतो, तो एका कागदावर उतरवून ठेवा.

सीमाभागात एक खोटं नेहमी कानावर येतं. कर्ज कोल्हापूरकडच्या बँकेचं आणि घर निपाणी किंवा संकेश्वरला असलं की एजंट सांगतो, “महाराष्ट्रातल्या बँकेला कर्नाटकातल्या घराला हात लावता येत नाही.” यावर अजिबात विसंबू नका. तारण मालमत्ता ताब्यात घ्यायचा 2002 चा सर्फेसी कायदा केंद्राचा आहे, तो दोन्ही राज्यांत सारखाच चालतो. सहकारी बँकांनाही तो लागू आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मे 2020 मध्ये दिला, आणि त्या प्रकरणातली बँक निपाणीपासून जवळच असलेल्या मुरगूडचीच होती. ‘सहकारी बँक काही करू शकत नाही’ हे वाक्यही त्या दिवशी संपलं.

दुसरं खोटं 2025 नंतरचं आहे. मायक्रो फायनान्सच्या जाचाविरुद्ध कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी 2025 मध्ये वटहुकूम काढला आणि पुढे त्याचा कायदा झाला. त्याचा आधार देऊन ‘आता सगळी कर्जं माफ’ असं सांगितलं जातं. तो कायदा नोंदणी नसलेल्या, परवाना नसलेल्या सावकारांना आणि वित्तसंस्थांना आवर घालण्यासाठी आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँकेचं किंवा हाउसिंग फायनान्सचं घरकर्ज त्यानं माफ होत नाही.

दुसरी पायरी : कागद गोळा करा, तारखा उतरवा

मंजुरीपत्र, कर्जकरार, बँकेकडून घेतलेलं ताजं खाते विवरण आणि आजवर आलेली प्रत्येक नोटीस तिच्या पाकिटासकट एका फाइलमध्ये लावा. पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून नोटीस कधी मिळाली ते सिद्ध करता येतं.

नोटीस इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असते आणि घरात मराठी वाचणारी माणसं असतात. बहुतेक कुटुंबं इथंच एजंटाच्या हाती सापडतात, कारण नोटिशीत काय लिहिलंय हे सांगणारा पहिला माणूस तोच असतो. बेळगाव-खानापूर भागात लोकांच्या नोटिसा वाचून देताना मला हे वारंवार दिसतं. ‘जप्तीची नोटीस’ म्हणून घाबरवलेला कागद कधी साधं स्मरणपत्र निघतो, आणि कधी किरकोळ म्हणून ट्रंकेत टाकलेली नोटीस खरोखरची 60 दिवसांची, म्हणजे ताब्याआधीची, असते (पाचवी पायरी बघा). वाचून घ्यायला गल्लीतली कॉलेजला जाणारी मुलगी, शाळेचे गुरुजी, कुणीही चालेल. वाचणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : कुठल्या कायद्याचं कुठलं कलम लिहिलंय, तारीख काय आहे आणि रक्कम किती मागितली आहे. कर्ज देताना अटी कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत सांगाव्यात असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे शाखेत जाऊन ‘मला हे मराठीत समजावून सांगा’ म्हणताना संकोच करायचं कारण नाही.

तालुक्याच्या किंवा शहराच्या न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. दूरध्वनी 15100. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथं मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेल्यांनाही मिळतो. घर वहिनींच्या किंवा आईच्या नावावर असेल, किंवा त्या सहकर्जदार असतील, तर त्यांच्याच नावानं अर्ज करा.

तिसरी पायरी : समोरचा माणूस पारखा

पहिली पारख हिशोबाची. त्याच्या वचनाचं गणित कागदावर मांडा.

समजा 20 लाखांचं कर्ज आहे, व्याज 9 टक्के, मुदत 15 वर्षं. हप्ता येतो साधारण 20,285 रुपये. बँकेनं मुदत 25 वर्षांपर्यंत वाढवली तर हप्ता 16,784 रुपयांवर येतो. म्हणजे दहा वर्षं वाढवूनही महिन्याला साडेतीन हजारच कमी होतात, आणि एकूण परतफेड साडेछत्तीस लाखांवरून पन्नास लाखांच्या पुढे जाते. आता ‘निम्मा हप्ता’ बघा. 20,285 चे निम्मे झाले 10,143. पण 20 लाखांवर 9 टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच 15,000 रुपये होतं. निम्म्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही. दर महिन्याला चार-पाच हजार उलटे कर्जात चढत जातील. असा हप्ता कुठलीही बँक कायमचा बांधून देऊ शकत नाही, वरपर्यंत कितीही ओळख असली तरी. तुमच्या कर्जाचे आकडे घेऊन हीच आकडेमोड मोबाइलवरच्या ईएमआय कॅल्क्युलेटरवर करून बघा. पाच मिनिटं लागतात आणि निम्मे एजंट तिथंच गळतात.

दुसरी पारख पैशांची : काम व्हायच्या आधी फी मागतो का? ‘फाइल चार्ज’, ‘स्टे काढायचा खर्च’, ‘मॅनेजरला द्यायचे’, ‘जीएसटी’ अशी नावं बदलत राहतात. बँकेत पुनर्रचनेचा किंवा तडजोडीचा अर्ज द्यायला मधला माणूस लागतच नाही. आणि तडजोड, म्हणजे वन टाइम सेटलमेंट, हा कर्जदाराचा हक्क नाही, ती द्यायची की नाही हे बँकच ठरवते, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे बाहेरचा कुणी ‘शंभर टक्के गॅरंटी’ देत असेल तर तो ज्याचा मालक नाही ते विकतोय.

तिसरी खूण मला सगळ्यात गंभीर वाटते. ‘हप्ता भरू नका, तेच पैसे आमच्याकडे जमा करा, एकरकमी देऊन बँकेला नमवू.’ असं कुणी म्हणालं की बोलणं तिथंच थांबवा. कर्जखात्याबाहेर गेलेला रुपया कर्जात जमा होत नाही. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं, धरलं जातं, आणि सर्फेसीची वाट त्यानंतरच उघडते. म्हणजे हा सल्ला ऐकून तुम्ही स्वतःच्या हातानं घर त्या वाटेला लावता.

मग कर्जमुक्तीची प्रमाणपत्रं. फी घेऊन ‘तुमचं कर्ज माफ झालं’ असा शिक्क्याचा कागद देणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर 2023 मध्ये जाहीरपणे सांगितलं. असे कागद द्यायचा त्यांना कसलाही अधिकार नाही आणि बँक ते विचारातही घेत नाही. ‘कोरोनातली सवलत अजून चालू आहे’ हेही खोटं आहे. ती हप्तेस्थगिती ऑगस्ट 2020 मध्ये संपली आणि त्यानंतरच्या पुनर्रचना योजनेत अर्ज पुढे न्यायची मुदत सप्टेंबर 2021 मध्ये संपली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या नावावरही पैसे काढले जातात. शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातली व्याज सवलत 1 सप्टेंबर 2024 पासून मंजूर झालेल्या कर्जांसाठी आहे. दहा वर्षांपूर्वीच्या थकलेल्या कर्जाला ती कुणी लावून देऊ शकत नाही.

आणखी एक युक्ती बायकांच्या गटांत चालते. ‘तुमच्या नावावर लोन काढू, निम्मे पैसे तुम्हाला, निम्मे आम्हाला, हप्ते आम्ही भरू. त्या पैशांत घराची थकबाकी निघेल.’ सुरुवातीचे काही हप्ते भरले जातात, पुढचे नाहीत. कर्ज मात्र सही करणाऱ्या बाईच्याच नावावर राहतं, आणि घराचं जुनं कर्जही तिथंच असतं.

दारात आलेल्या माणसाला तुमची थकबाकी रुपयापर्यंत ठाऊक आहे म्हणून तो बँकेचा माणूस ठरत नाही. बँक ताबा घेते तेव्हा कर्जदाराचं नाव, रक्कम आणि मालमत्तेचं वर्णन असलेली नोटीस वर्तमानपत्रात छापावी लागते. तो ती वाचूनच आलेला असतो. खऱ्या वसुली एजंटाकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असतं, आणि त्याला सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करायला मनाई आहे. तरीही त्याच्या हातात रोख देऊ नका, पैसे फक्त कर्जखात्यात भरा. बँकेच्या नावानं आलेली लिंक उघडण्याआधी पत्ता बघा. भारतीय बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर गेली आहेत.

कशावर सही करायची नाही

फी गेली तर निदान घर राहतं. सही गेली तर घरच जातं, म्हणून हे वेगळं लिहितोय.

कोरा बाँड, कोरा चेक आणि कोऱ्या कागदावरची सही कुणालाही देऊ नका. मुखत्यारपत्र, म्हणजे ‘जी.पी.ए.’, द्यायचं नाही. ‘बँकेत तुमच्या वतीनं बोलायला लागतं’ असं सांगून ते घेतात, पण त्याच कागदात मालमत्ता विकायचा अधिकार लिहिलेला असू शकतो. बँकेत बोलायला साधं प्राधिकारपत्र पुरतं, तेही घरच्याच माणसाला.

आणि खरेदीखताचा प्रकार. “काका, घर तात्पुरतं माझ्या नावावर करा. मी बँकेचे पैसे भरतो, तुम्ही भाडं द्या, दोन वर्षांनी परत करून देतो.” सब-रजिस्ट्रारसमोर खरेदीखत नोंदलं गेलं की मालक तो झाला. परत करून देण्याचं बोलणं तोंडीच असतं. नोंदलेलं खरेदीखत स्वतःहून रद्द करता येत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो. ‘फक्त लोन टेकओव्हरचे कागद आहेत’ म्हणून कुणी तुम्हाला सब-रजिस्ट्रार ऑफिसला नेत असेल, तर कागद आदल्या दिवशी हातात घ्या आणि स्वतः निवडलेल्या वकिलाकडून वाचून घ्या. कन्नडमधला दस्त न समजता सही करायची वेळ आली तर तिथून उठून यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चौथी पायरी : शाखेत जाऊन लेखी मागा

हप्ता चुकणार असं दिसायला लागलं की लगेच जा, एनपीए व्हायची वाट बघू नका. त्या आधी बँकेला तुम्हाला मदत करणं सोपं असतं. लाज वाटते हे खरं आहे. आपल्याकडे कर्ज थकणं म्हणजे गल्लीत तोंड दाखवायला जागा न राहणं, आणि एजंट त्या लाजेवरच जगतो. पण शाखाधिकाऱ्यासमोर रोज असे लोक येतात.

काय मागता येतं? मुदत वाढवून हप्ता कमी करणं. काही महिने फक्त व्याज भरायची सोय. थकलेले हप्ते मुद्दलात मिळवून नवा हप्ता बांधून घेणं. जुन्या, चढ्या दरावर असाल तर नव्या कर्जदारांना मिळतो तो दर लावून मागणं. बदलत्या दराच्या कर्जात दर वाढला की हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड ग्राहकाला द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलं आहे, ते आठवण करून द्या. दुसरी बँक कर्ज घेऊन टाकायला तयार असेल तर व्यक्तीनं घेतलेल्या बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. विवरणात दंडाच्या रकमा दिसत असतील तर त्यांचा तपशील मागा. 2024 पासून हप्ता चुकल्याबद्दल दंडव्याज लावून ते मुद्दलात मिळवत नेता येत नाही, फक्त वाजवी दंडशुल्क घेता येतं.

पुनर्रचनेची नोंद क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासावर (ज्याला लोक ‘सिबिल’ म्हणतात), होते आणि तडजोडीत काही रक्कम सोडून घेतली तर तिथं ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. पुढे कर्ज मिळायला त्यानं अडचण येते, हे माहीत असू द्या. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यालाही पैसे देऊ नका. चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो, चुकीची नोंद स्वतः तक्रार करून दुरुस्त होते आणि बरोबर नोंद कुणालाच पुसता येत नाही.

अर्ज छोटा असावा. इंग्रजीत लिहून घेतलात तर बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्यालाही वाचता येतो. मजकूर असा :

“माझा कर्ज खाते क्रमांक अमुक. अमुक महिन्यापासून अमुक कारणानं उत्पन्न कमी झालं आहे. सध्या महिन्याला इतके रुपये निश्चित भरू शकतो. मुदतवाढ आणि थकबाकीची पुनर्रचना करावी ही विनंती. सोबत उत्पन्नाचा पुरावा जोडला आहे. माझ्या वतीनं बोलण्यासाठी मी कुणालाही नेमलेलं नाही. निर्णय लेखी कळवावा.”

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. तुमच्या नावावर कुणी परस्पर बोलणी करत असेल तर ती तिथं थांबतात. रक्कम लिहिताना घरखर्च वजा करून खरी लिहा. न झेपणारा आकडा लिहून दोन महिन्यांत तो मोडला तर पुढचा अर्ज कुणी मनावर घेत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती फाइलला लावा. निर्णय येईपर्यंत जमेल तेवढी रक्कम कर्जखात्यात भरत राहा.

पाचवी पायरी : नोटीस आली असेल तर दिवस मोजा

सर्फेसी कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस आली की 60 दिवसांत कर्जाचं पूर्ण देणं भागवा असं बँक सांगते. याच दिवसांत लेखी हरकत द्या : रक्कम चुकली आहे, भरलेले हप्ते धरलेले नाहीत, पुनर्रचनेचा अर्ज पडून आहे, जे असेल ते. हरकत मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेनं कारणांसह उत्तर द्यायला हवं.

60 दिवस उलटले की कलम 13(4) खाली ताबा येतो. सुरुवातीला तो बहुधा कागदोपत्री असतो, दारावर नोटीस चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात. त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असतं, पण आपल्याकडे ते कन्नड असू शकतं, म्हणून ‘आमच्या पेपरात आलं नाही’ यावर विसंबू नका. या ताब्याविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, जाता येतं. ते बेंगळुरूला आहे. ‘बेळगाव कोर्टातून दोन दिवसांत स्टे आणून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला याच कायद्याचं कलम 34 विचारा. या कारवाईला दिवाणी न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवायची वाट त्या कलमानं बंद केली आहे. वकिलाची नोटीस पाठवणं म्हणजेही स्टे नव्हे. पंचेचाळीस दिवस बेळगावातच फेऱ्या मारण्यात गेले की मग बेंगळुरूला जाऊन उपयोग राहत नाही.

पूर्ण देणं भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो, 2016 च्या दुरुस्तीपासून तसं झालं आहे. जुन्या लोकांना वाटतं की बोली लागेपर्यंत वेळ आहे. तसं राहिलेलं नाही. म्हणून जागा विकून, भावाकडून घेऊन, पैसे उभे करायचेच असतील तर जाहिरातीच्या आधी करा.

काही कर्जं सर्फेसीत बसतच नाहीत, ते वकिलाकडून तपासून घ्या : शेतजमिनीचं तारण, एक लाखाच्या आतलं कर्ज, मुद्दल-व्याजाच्या 20 टक्क्यांहून कमी बाकी उरलेलं कर्ज. हाउसिंग फायनान्स नसलेल्या साध्या एनबीएफसीला 20 लाखांखालच्या कर्जासाठी हा कायदा वापरता येत नाही. सोसायटीची वाट वेगळीच, ती सहकार खात्यामार्फत किंवा लवादामार्फत वसुली करते. ‘सोसायटीच्या नोटिशीला किंमत नसते’ हे ऐकून लवादासमोर गैरहजर राहू नका. एकतर्फी निवाडा झाला की त्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकुमासारखीच होते. जामीनदारांनाही नोटिशीची प्रत दाखवा, वसुली त्यांच्याकडूनही होऊ शकते.

सहावी पायरी : पैसे किंवा सही देऊन झाली असेल तर

आधी घरच्यांना सांगा. मग लगेच 1930 वर फोन करा. फोन-पे, गूगल-पे किंवा बँकेतून पैसे गेले असतील तर जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जायची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. कोरे चेक दिले असतील तर त्यांचे क्रमांक देऊन बँकेला पैसे न देण्याची लेखी सूचना द्या.

पोलीस तक्रार बेळगावच्या सी.ई.एन. (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्ह्यांच्या) ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात द्या. एजंट कोल्हापूरला बसलेला आणि तुम्ही निपाणीत, अशा वेळी ‘तिकडं जा’ असं ऐकायला मिळतं. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठंही घडलेला असला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, तिथून ती योग्य ठाण्याकडे जाते. व्हॉट्सॲपचं बोलणं पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, त्याचं कार्ड आणि पावत्या जपा.

मुखत्यारपत्र दिलं असेल तर ते रद्द करण्याचा दस्त करा, ज्या कार्यालयात नोंदलं तिथंच तो नोंदवा, आणि त्या माणसाला व बँकेला लेखी कळवा. त्यात मोबदल्याचा उल्लेख असेल तर रद्द करणं गुंतागुंतीचं होतं, वकील लागेलच. कर्नाटकच्या दस्त नोंदणीच्या ‘कावेरी’ पोर्टलवरून किंवा सब-रजिस्ट्रार कार्यालयातून घराची ई.सी., म्हणजे बोजाचा दाखला, काढा. तुमच्या नकळत खरेदी, करार किंवा नवा बोजा नोंदला गेला आहे का ते तिच्यात दिसतं. शेताच्या उताऱ्यावरही 11 व्या रकान्यात बोजा बघा.

तक्रार कुठं

बँकेविरुद्ध तक्रार आधी बँकेतच, लेखी. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथं फी नाही, वकील नाही. पोर्टल ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’, चौकशीसाठी 14448, तिथं मराठीतही बोलता येतं. बँकेनंच नेमलेल्या एजंटानं फसवलं किंवा धमकावलं असेल तर जबाबदारी बँकेची, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. हाउसिंग फायनान्स कंपनीसाठी नॅशनल हाउसिंग बँक. राज्यातल्या सोसायटीसाठी बेळगावातलं सहकार खात्याचं उपनिबंधक कार्यालय, मल्टिस्टेटसाठी दिल्लीतले केंद्रीय निबंधक.

बँकेशी बोलणी अडली असतील तर लोकअदालतीत प्रकरण ठेवायची विनंती विधी सेवा प्राधिकरणाकडे करा. तिथं कोर्ट फी लागत नाही, पण झालेल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून झेपेल तोच आकडा मान्य करा. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, रक्कम, शेवटची तारीख आणि ‘यानंतर काही देणं राहणार नाही’ या वाक्यासह हातात येईपर्यंत एकरकमी पैसे भरू नका. शेवटचा रुपया भरल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. कागद मोजून घ्या, नो ड्यूज दाखला घ्या, सब-रजिस्ट्रारकडे नोंदलेला बोजा उतरवून घ्या आणि महिन्याभरानं नवी ई.सी. काढून बोजा खरंच उतरला आहे का ते बघा.